लिनक्स टाकलं आणि वायफाय गायब, आवाज गायब, प्रिंटर मुका: ड्रायव्हर का फर्मवेअर, ओळखायचं कसं

यातलं काही तुमच्याकडं होत असेल तर पुढं वाचा.

वायफायचं चिन्हच नाही, सेटिंगमध्ये अडॅप्टर सापडला नाही असं येतंय. किंवा चिन्ह आहे पण यादीत एकपण नेटवर्क नाही. किंवा जोडलं जातंय, थोडा वेळ झकास चालतंय आणि मग राउटरशेजारी बसूनसुद्धा तुटतंय, रिस्टार्ट केलं की परत चालू. काल रात्री अपडेट आले आणि आज सकाळपासून नाही. ब्लूटूथ आहे पण वायफाय नाही, नाहीतर बरोबर उलटं. स्पीकरच्या जागी 'डमी आउटपुट' लिहून येतंय. प्रिंट सोडली, पूर्ण झाली असं दाखवतंय आणि कागद जागचा हलत नाही.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला तेव्हापासून आमच्या सांगलीत जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट टाकून घेणारे लई वाढलेत, मार्केट यार्डातले हळदीचे व्यापारी, विश्रामबागेतली इंजिनिअरिंगची पोरं, मिरजेतले क्लासवाले सर. टाकणं सोपं आहे हो, ते तर कुणीपण करतंय. त्यानंतर फोन येतो, "दादा, वायफाय दिसंना झालंय, ड्रायव्हर पाठवा की." आणि तोवर माणसानं कुठनंतरी काहीतरी डाउनलोड करून टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायची खिडकी) पाच-सहा कमांड पेस्ट करून झालेल्या असतात. मग मूळ दुखणं राहतं बाजूला आणि ते पेस्ट केलेलं निस्तरण्यातच वेळ जातो.

तर आधी एवढं डोक्यात बसवा. ड्रायव्हर म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्राम. लिनक्समध्ये तो बहुतेक वेळा कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, आतच येतो, वेगळा शोधायचा नसतो. फर्मवेअर ही वेगळी फाइल. ती चिप बनवणारी कंपनी देते, आतलं कुणाला दिसत नाही, आणि मशीन चालू झालं की ड्रायव्हर ती फाइल उचलून कार्डाच्या चिपमध्ये भरतो. म्हणजे तीन प्रश्न आहेत: मशीनला कार्ड दिसतंय का, दिसत असेल तर ड्रायव्हर त्याला लागलाय का, आणि लागला असेल तर त्याला फर्मवेअर मिळालं का. ह्याच क्रमानं विचारायचे, कारण पहिल्याचं उत्तर 'नाही' असेल तर जगातला कुठलाच ड्रायव्हर टाकून उपयोग नाही.

कमांड मी फोनवर अक्षरं सांगतो तशा लिहिल्यात, टर्मिनलात इंग्रजी लहान अक्षरात टाकायच्या.

आधी नेट मिळवा

वायफाय नाही म्हणून वायफाय दुरुस्त करता येत नाही, इथंच निम्मी माणसं अडकतात. अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या केबलनं लॅपटॉपला जोडा आणि फोनच्या हॉटस्पॉटच्या सेटिंगमधनं यूएसबी टेदरिंग चालू करा. लिनक्स त्याला केबलचं नेट समजतं, काही इन्स्टॉल करावं लागत नाही. केबल मात्र डेटावाली पाहिजे, नुसती चार्जिंगची स्वस्तातली केबल असली की टेदरिंगचं बटणच चालू होत नाही आणि माणूस लिनक्सला शिव्या देत बसतो. फोनमध्ये डेटा कमी असेल तर फोन घरातल्या वायफायला जोडा, टेदरिंग त्यावरनंपण चालतं.

फुकटातल्या तपासण्या

टर्मिनल उघडून 'आरएफकिल लिस्ट' टाका. प्रत्येक रेडिओसमोर (वायफाय, ब्लूटूथ) दोन ओळी येतात, सॉफ्ट ब्लॉक्ड आणि हार्ड ब्लॉक्ड. सॉफ्टपुढं 'येस' असेल तर 'सुडो आरएफकिल अनब्लॉक ऑल', विषय संपला. हार्डपुढं 'येस' असेल तर ते सॉफ्टवेअरनं निघत नाही, कीबोर्डवरचं विमानाचं बटण फंक्शन की धरून दाबून बघा, जुन्या लॅपटॉपला पुढच्या कडेला किंवा बाजूला सरकवायचा बारका स्विच असतो तो बघा, नाहीतर बायॉसमध्ये, म्हणजे मशीन चालू होतानाच्या सेटिंगमध्ये, वायरलेस बंद आहे का बघा. काही लेनोव्हो आयडियापॅडमध्ये असा स्विचच नसतो आणि तरी 'आयडियापॅड लॅपटॉप' नावाचं मॉड्यूल (कर्नलमधला ड्रायव्हरचा तुकडा) हार्ड ब्लॉक दाखवत बसतं, तिथं ते मॉड्यूल ब्लॅकलिस्ट केलं, म्हणजे लोडच होऊ दिलं नाही, की रस्ता मोकळा होतो. ही तपासणी पहिली का, तर सेकंदाचं काम आहे आणि पोरांनी चुकून बटण दाबलेलं असतंय, दुसरं काही नसतंय.

मग पूर्ण पॉवर काढा. रिस्टार्ट नाही, शटडाउन. चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर काढा, पॉवर बटण अर्धा मिनिट दाबून धरा, मग चालू करा. हे मंत्रतंत्र वाटतं पण कारण साधं आहे: रिस्टार्टमध्ये कार्डाची पॉवर तुटतेच असं नाही, त्यामुळं चिप आधीच्या अडकलेल्या अवस्थेतच राहते आणि नवीन फर्मवेअर घ्यायला तयार होत नाही. मीडियाटेकच्या एमटी ७९२१ सारख्या कार्डांना आणि बऱ्याच ब्लूटूथ चिपना एवढ्यावर बरं वाटतं.

त्याच मशीनवर विंडोजपण ठेवलं असेल तर विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असताना विंडोज खरं बंद होतच नाही, अर्धवट झोपतं, आणि कार्ड तशाच अवस्थेत लिनक्सच्या हातात येतं. त्यातच डी ड्राइव्हवर लिहिता येत नाही हे दुसरं रडगाणंपण ह्याच एका टिकमुळं असतं.

मशीनला कार्ड दिसतंय का

'एलएसपीसीआय', स्पेस, 'डॅश एनएनके'. भलीमोठी यादी येईल, त्यात नेटवर्क कंट्रोलर असं लिहिलेलं शोधा. त्या ओळीच्या शेवटी चौकोनी कंसात चार-चार अक्षरांचे दोन गट असतात, मधे कोलन. पहिला गट कंपनीचा: १०ईसी म्हणजे रिअलटेक, ८०८६ इंटेल, १४ई४ ब्रॉडकॉम, १४सी३ मीडियाटेक, १६८सी अथेरॉस. दुसरा गट नेमक्या चिपचा. लॅपटॉपचं मॉडेल सांगून काही कळत नाही, एकाच मॉडेलमध्ये कंपनी दोन-तीन वेगळी कार्डं घालते, जे त्या आठवड्यात मिळालं ते. मला फोन करणाऱ्यानं हा आकडा सांगितला की अर्धं काम झालं.

त्याच्या खाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' अशी ओळ असेल तर ड्रायव्हर लागलाय, फर्मवेअरकडं वळा. ती ओळच नसेल आणि नुसतं 'कर्नल मॉड्यूल्स' असेल तर ड्रायव्हर आहे पण लागलेला नाही. दोन्ही नसतील तर ह्या कर्नलमध्ये त्या चिपचा ड्रायव्हरच नाही.

यूएसबी डोंगल असेल तर 'एलएसयूएसबी'. इथं एक गंमत आहे. काही रिअलटेकवाली डोंगल घातल्या घातल्या स्वतःला सीडी ड्राइव्ह म्हणवतात, आत विंडोजचा ड्रायव्हर असतो म्हणून. आयडी ०बीडीए:१ए२बी दिसला की समजायचं डोंगल अजून सीडीच्याच वेशात आहे, 'यूएसबी मोडस्विच' नावाचं पॅकेज त्याला वेश बदलायला लावतं. आणि डोंगल विकत घेताना नावावर जाऊ नका, टीपी-लिंकच्या डब्ल्यूएन ७२२एन च्या पहिल्या व्हर्जनमध्ये अथेरॉसची चिप होती, लिनक्सवर लोण्यासारखी चालायची, व्हर्जन २ पासून आत रिअलटेक आली. खोक्यावरचं नाव तेच. व्हर्जनचा आकडा डोंगलच्या स्टिकरवर बारीक अक्षरात असतो, तो बघूनच पैसे द्या.

ब्लूटूथचं वेगळं का, तर कार्ड एकच दिसलं तरी ब्लूटूथचा भाग बहुतेक वेळा आतून यूएसबीवर जोडलेला असतो आणि त्याची फर्मवेअर फाइल वेगळी असते. म्हणून एक चालतं आणि एक नाही असं होतं. त्याला 'एलएसयूएसबी' मध्ये शोधायचं.

फर्मवेअर मिळालं का

माझ्या मते खरी उत्तरं इथं आहेत आणि लोक नेमकं इथंच बघत नाहीत. 'सुडो डीएमईएसजी', मग उभी रेघ, मग 'ग्रेप डॅश आय फर्मवेअर'. मशीन चालू झाल्यापासून कर्नल जे जे बोलला त्यातल्या फर्मवेअरच्या ओळी समोर येतात. 'डायरेक्ट फर्मवेअर लोड फॉर' अमुक फाइल 'फेल्ड विथ एरर -२' अशी ओळ दिसली तर त्यातलं -२ म्हणजे एवढंच की फाइल जागेवर नाही. ड्रायव्हर आला, कार्ड ओळखलं, लिब फोल्डरातल्या फर्मवेअर फोल्डरात हात घातला आणि हाताला काही लागलं नाही. कार्ड खराब नाही, ड्रायव्हर खराब नाही. फाइलचं नाव त्या ओळीतच छापलेलं असतं.

पण थांबा, इंटेलच्या कार्डात ही ओळ फसवते. इंटेलचा ड्रायव्हर आधी नव्यातल्या नव्या नंबरची फाइल मागतो, नाही मिळाली की एक नंबर खाली, परत एक खाली, आणि प्रत्येक वेळी -२ ची तक्रार लिहून ठेवतो. चार-पाच लाल ओळी बघून माणूस घाबरतो, पण त्यांच्या खाली 'लोडेड फर्मवेअर व्हर्जन ७७' असं काहीतरी आलं असेल तर सगळं ठीक आहे, त्याला हवी ती फाइल मिळाली. 'डीबग योयो' नावाच्या फाइलची तक्रार तर कायमची सोडून द्या, ती विकासकांसाठी असते, तुमच्या वायफायशी तिचा काही संबंध नाही. खरी अडचण असेल तेव्हा इंटेल 'नो सुटेबल फर्मवेअर फाउंड' असं स्पष्ट सांगतं.

फाइल नसेल तर उपाय स्वस्तातला आहे. मिंट आणि उबुंटूवर 'सुडो एपीटी अपडेट', मग 'सुडो एपीटी इन्स्टॉल लिनक्स-फर्मवेअर'. मग शटडाउन, वर सांगितलं तसं पूर्ण. डेबियन नावाच्या लिनक्सवर फर्मवेअर तुकड्या-तुकड्यात असतं, रिअलटेकचं वेगळं पॅकेज, इंटेल वायफायचं वेगळं, आणि ते 'नॉन-फ्री-फर्मवेअर' विभागात असतात. डेबियन १२ पासून, म्हणजे २०२३ पासून, इन्स्टॉलरच हे सोबत घेऊन येतो, त्याआधीच्या डेबियनवर वेगळी सीडी नाहीतर पेनड्राइव्ह असा सगळा उपद्व्याप असायचा. जुनं डेबियन अपग्रेड करत करत आणलं असेल तर सोर्सेसच्या यादीत हा विभाग हातानं लिहावा लागतो.

इंटरनेटवरनं एकच सुटी फाइल उचलून फोल्डरात टाकणं हा शेवटचा मार्ग. चालतं कधीकधी. पण पुढच्या अपडेटला काय कुठनं आलं हे कळत नाही आणि नवीन ड्रायव्हर जुनी फाइल घेत नाही असा नवा घोळ तयार होतो.

आवाजाचंपण हेच. नव्या इंटेल लॅपटॉपमध्ये साउंडच्या चिपला स्वतःचं फर्मवेअर लागतं, पॅकेजचं नाव 'फर्मवेअर-एसओएफ-साइन्ड'. 'डमी आउटपुट' दिसलं की डीएमईएसजी मध्ये एसओएफ शोधा, -२ दिसला की हे पॅकेज टाका. स्पीकर बदलायला घेऊन जाऊ नका.

प्रिंटरचं थोडं सविस्तर, कारण तो सगळ्यात जास्त छळतो

एचपी लेझरजेट १०२० सांगलीत कुठं नाही ते सांगा, अडत दुकानं, वकिलांची ऑफिसं, झेरॉक्सवाले, सगळीकडं तोच. हा प्रिंटर स्वतःच्या पोटात कायमचं फर्मवेअर ठेवतच नाही. चालू केला की रिकामा असतो, कॉम्प्युटर त्याला प्रत्येक वेळी यूएसबीवरनं फर्मवेअर पाठवतो, तेव्हा त्याला कागद ओढायचा असतो हे कळतं. म्हणजे लाइट गेली आणि आली, की प्रिंटर परत कोरा. यूपीएसवर कॉम्प्युटर चालू राहिला आणि प्रिंटर भिंतीच्या सॉकेटवर होता, तर कॉम्प्युटरला वाटतं प्रिंटर तयार आहे, तो प्रिंट पाठवतो आणि ती वाऱ्यावर जाते.

अशा वेळी आधी फक्त यूएसबी केबल काढून परत घाला, प्रिंटर चालू असताना. नवीन वस्तू जोडली असं समजून लिनक्स त्याला फर्मवेअर पाठवतो आणि बहुतेक वेळा आतली मोटर घरघरल्याचा आवाज येतो, तो आला की झालं. नाही आला तर 'एचपी-फर्मवेअर' कमांड हातानं चालवा.

आणि अपडेटनंतर बंद पडला असेल तर कारण जवळजवळ नेहमी प्लगइन. एचपीलिप हे एचपीचे प्रिंटर चालवणारं पॅकेज मोकळं, म्हणजे ओपन सोर्स, आहे पण फर्मवेअर असलेला प्लगइन वेगळा, बंद, आणि त्याचा व्हर्जन नंबर एचपीलिपच्या नंबराशी तंतोतंत जुळावा लागतो. मिंट अपग्रेड केलं, एचपीलिप पुढं गेलं, प्लगइन मागंच राहिलं, प्रिंटर मुका. 'एचपी-प्लगइन' परत चालवायचं, नेटवरनं जुळणारा प्लगइन उतरतो, अटी मान्य करायच्या, पाच मिनिटांचं काम. ह्या एका गोष्टीसाठी लोकांनी प्रिंटरचा ड्रम बदलून घेतलेला बघितलाय मी.

कॅननचा एलबीपी २९०० असेल तर आधीच सांगतो, त्याला कॅननचा स्वतःचा कॅप्ट ड्रायव्हर लागतो आणि तो नवीन सिस्टिमवर बसवणं डोकेदुखी आहे. ऑफिसात एक विंडोज मशीन राहिलं असेल तर प्रिंटर तिथंच ठेवा, सुखी राहाल.

कर्नल जुना आहे का

ड्रायव्हरची ओळच दिसली नाही तर हा प्रश्न. रिअलटेकची ८८२१सीई चिप कर्नलमध्ये ५.९ पासून आहे, ८८५२एई ५.१६ पासून, ८८५२बीई ६.२ पासून. मीडियाटेक ७९२१ साठी ५.१२ पाहिजे, इंटेल एएक्स २१० ला ५.१०. आता बघा, मिंट २० चा मूळ कर्नल ५.४, मिंट २१ चा ५.१५, मिंट २२ चा ६.८. म्हणजे नवा लॅपटॉप आणि भावानं तीन वर्षांपूर्वी पेनड्राइव्हवर टाकून ठेवलेलं मिंट २१, आत ८८५२बीई, तर वायफाय येणारच नाही, कितीही डोकं आपटा. 'युनेम डॅश आर' टाकलं की तुमचा आकडा दिसतो.

मिंटमध्ये अपडेट मॅनेजर उघडून व्ह्यू मेनूत लिनक्स कर्नल्स म्हणून यादी आहे, तिथनं नवीन घ्या. जुना काढू नका. नव्यात काही बिघडलं तर मशीन चालू होताना शिफ्ट नाहीतर एस्केप दाबून ग्रबचा, म्हणजे कुठनं चालू करायचं ते निवडायचा, मेनू आणायचा, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जुना कर्नल निवडायचा. 'काल चालत होतं आज नाही' ह्यावरपण पहिली तपासणी हीच: जुन्या कर्नलनं चालू करून बघा. त्यात चाललं तर दोष नव्या कर्नलचा नाहीतर त्यावर बसवलेल्या बाहेरच्या ड्रायव्हरचा, तुमचं कार्ड शाबूत.

बाहेरचा ड्रायव्हर आणि सिक्युअर बूट

काही चिपना कर्नलमध्ये जागाच नाही. ब्रॉडकॉम बीसीएम ४३१४२, आयडी १४ई४:४३६५, ही त्यातली सगळ्यात जास्त भेटणारी, जुन्या बजेट लॅपटॉपात असते. तिला ब्रॉडकॉमचा बंद 'डब्ल्यूएल' ड्रायव्हर लागतो, मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमध्ये तो आपोआप सुचवला जातो, तिथनंच घ्या.

असे बाहेरचे ड्रायव्हर डीकेएमएस नावाच्या यंत्रणेनं प्रत्येक नव्या कर्नलसाठी परत तयार होतात. हेडर फाइल नसल्या किंवा ड्रायव्हरचा जुना कोड नव्या कर्नलशी जमला नाही तर तयार होत नाहीत, आणि अपडेटनंतर वायफाय जातं ते असं. 'डीकेएमएस स्टेटस' टाका, तुमच्या चालू कर्नलच्या आकड्यासमोर 'इन्स्टॉल्ड' पाहिजे. नसेल तर त्याच आकड्याचं 'लिनक्स-हेडर्स' पॅकेज टाकून बघा.

८८२१सीई वाल्यांनी विशेष बघा: जुन्या काळी बाहेरनं टाकलेला ड्रायव्हर अजून बसलेला असतो आणि कर्नलमधला नवापण आलेला असतो, दोघं एकाच कार्डावर हक्क सांगतात. एकाला घालवा. शक्यतो बाहेरच्याला.

सगळं तयार आहे तरी मॉड्यूल लोड होत नाही आणि 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस' असं येतंय, तर सिक्युअर बूट हे बायॉसमधलं सुरक्षेचं कुलूप आडवं आलंय. 'एमओकेयूटिल डॅश डॅश एसबी डॅश स्टेट' नं ते चालू आहे का कळतं. सही नसलेला ड्रायव्हर ते आत घेत नाही. ड्रायव्हर टाकताना पासवर्ड विचारला होता ना, आणि पुढच्या रिस्टार्टला निळा स्क्रीन आला होता, तो घाबरून एंटर मारून घालवला असणार. तिथं 'एनरोल एमओके' निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. नाहीतर बायॉसमध्ये सिक्युअर बूट बंद करा, पण त्याच मशीनवर विंडोज असेल आणि त्याचं डिस्कला कुलूप लावणारं बिटलॉकर चालू असेल तर रिकव्हरी की आधी लिहून घ्या, नाहीतर वायफाय येईल आणि विंडोजमधला सगळा डेटा कुलपात जाईल.

चालतंय पण तुटतंय

ह्यात फर्मवेअर मिळालेलं असतं, वीज वाचवण्याच्या नादात कार्ड झोपतं आणि उठत नाही. पहिला उपाय, नेटवर्कमॅनेजरच्या 'कॉन्फ डॉट डी' फोल्डरात 'डिफॉल्ट वायफाय पॉवरसेव्ह ऑन' नावाची फाइल असते, त्यातला ३ काढून २ करा. बॅटरी थोडी कमी टिकेल. रिअलटेकच्या ८८ मालिकेतल्या कार्डात डीएमईएसजी मध्ये 'फेल्ड टू लीव्ह एलपीएस स्टेट' दिसत असेल तर मॉड्यूलला 'डिसेबल एएसपीएम' हा पर्याय १ करून द्या, 'मॉडप्रोब डॉट डी' फोल्डरात एका ओळीची फाइल करून.

आणि रिअलटेकची ८७२३बीई, ज्यांच्याकडं ही आहे त्यांना राउटरच्या खोलीतच सिग्नल मिळतो, उंबरा ओलांडला की गेला. ह्या कार्डाला दोन अँटेनाच्या जागा असतात, काही लॅपटॉपात खर्च वाचवायला एकच वायर लावलेली असते, आणि ड्रायव्हर नेमका रिकाम्या जागेवर ऐकत बसतो. 'अँट सेल' हा पर्याय २ करून बघा, नाही जमलं तर १. हा बदल केल्यावर माडीवर सिग्नल पोचला म्हणून एका काकूंनी मला हळदीचा पुडा दिलाय, घरचा.

बायॉस अपडेट, आणि लॅपटॉप उघडणं

इथवर आलात आणि अजून सुटलं नसेल तर उबुंटू किंवा फेडोराची ताजी लाइव्ह पेनड्राइव्ह करून त्यावरनं मशीन चालू करा, काही इन्स्टॉल न करता. लाइव्हमध्ये वायफाय चाललं तर हार्डवेअर चांगलं आहे, तुमच्या सिस्टिममध्येच गुंता आहे, कधीकधी डेटा काढून परत इन्स्टॉल करणं जास्त लवकर होतं. लाइव्हमध्येपण 'एलएसपीसीआय' ला कार्ड दिसलं नाही तर कार्ड, स्लॉट नाहीतर बायॉस.

बायॉसचं फर्मवेअर 'एफडब्ल्यूयूपीडीएमजीआर गेट-अपडेट्स' नं बघता येतं, बऱ्याच कंपन्या लिनक्ससाठी तिथं अपडेट ठेवतात. चार्जर लावलेला, बॅटरी भरलेली, आणि महावितरणचा भरवसा धरायचा नाही. वळवाच्या पावसाच्या दिवसात संध्याकाळी तर हे काम काढूच नका. बायॉस लिहिताना मशीन बंद पडलं तर ते परत चालू होत नाही, आणि ते घरी दुरुस्त करायचं काम नाही.

लॅपटॉप उघडायची सवय असेल तर मागचं झाकण काढून आधी बॅटरीचा कनेक्टर काढा, मग वायफाय कार्डाचा एक स्क्रू सोडून कार्ड काढा, कोरड्या मऊ कापडानं टोक पुसा, परत बसवा. अँटेनाच्या बारक्या वायरी सरळ खाली दाबून टक् आवाज आला की बसल्या, तिरक्या दाबल्या तर पिन मोडते. सवय नसेल तर हे पण राहू द्या.

इथं थांबा, माणसाकडं न्या

कार्ड काढून घालूनपण 'एलएसपीसीआय' ला दिसत नाही. हार्ड ब्लॉक कशानंच जात नाही. बायॉस अपडेट अर्धवट राहिलाय. कार्डाजवळ जळका वास, किंवा बॅटरी फुगून झाकण उचललंय, तर चालूसुद्धा करू नका. आणि २०१९ किंवा २०२१ च्या महापुरात मशीन भिजलं होतं, वाळवून चालू केलं आणि 'तेव्हापासून चाललंय की' असं असेल, तर स्लॉटच्या आत हिरवट गंज असतो, तो सॉफ्टवेअरचा प्रश्न नाही, बोर्डाचं काम करणाऱ्याकडंच न्या. महत्त्वाचा डेटा आधी पेनड्राइव्हवर.

नवीन कार्ड टाकायचं ठरलं तर इंटेल एएक्स २०० किंवा २१० मागा. एएक्स २०१ स्वस्तात दिसलं तरी घेऊ नका, ते दिसायला तसंच असलं तरी ठराविक इंटेल बोर्डातच चालतं, एएमडीच्या लॅपटॉपात तर अजिबात नाही. काही जुन्या लॅपटॉपांचं बायॉस अनोळखी कार्ड दिसलं की चालूच होऊ देत नाही, त्यामुळं बदलून मिळेल का हे आधी विचारा. हे सगळं नको असेल तर कर्नलमध्ये ड्रायव्हर असलेलं डोंगल घ्या आणि आतलं कार्ड विसरून जा, त्यात काही कमीपणा नाही.

दुकानात जाताना दोन फोटो काढून न्या: 'एलएसपीसीआय डॅश एनएनके' मधली नेटवर्कची ओळ आणि डीएमईएसजी मधल्या फर्मवेअरच्या ओळी. ते न बघताच कुणी "मदरबोर्ड गेलाय" म्हणालं तर मशीन उचला आणि दुसरीकडं दाखवा.